घासलं की डाग जातो, वाळलं की चट्टा परत येतो

स्पंजने घासताना डाग निघतो. ओली असेपर्यंत जागा नवीकोरी दिसते. पाणी वाळलं की तिथेच पांढरट, मंद चट्टा उमटतो. आपण पुन्हा घासतो, पुन्हा छान दिसतं, पुन्हा वाळतं, आणि या खेपेला चट्टा आधीपेक्षा थोडा पसरलेला असतो. पुढच्या काही दिवसांत नेमका त्याच जागी मळ लवकर धरायला लागतो, म्हणून परत स्पंज हातात.

माझ्या शिलाई मशीनवर हा खेळ मी जवळजवळ वर्षभर खेळले. सुईच्या डाव्या बाजूला, जिथून जीन्सचं जाड कापड सरकत जातं, तिथे पांढऱ्या प्लास्टिकवर निळसर पट्टा यायचा. मेलामाइनचा पांढरा स्पंज फिरवला की दोन मिनिटांत साफ. सुरुवातीला महिन्यातून एकदा घासावं लागायचं, नंतर आठवड्याला, शेवटी प्रत्येक शिवणानंतर. मशीनचं प्लास्टिकच हलकं निघालं असं मी ठरवून मोकळी झाले होते. प्लास्टिक चांगलं होतं, मीच त्याला रोज थोडं थोडं तासत होते.

आधी तपासा: थर आहे, ओरखडा आहे की रंगच बदललाय?

चट्टा दिसला की लगेच घासू नका. एक सुती कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि ती जागा पुसा. मग दुसऱ्या स्वच्छ ओल्या कापडाने परत पुसा आणि कोरड्याने टिपा. वाळल्यावर चट्टा गेला असेल तर तो स्पंजचा भुगा आणि साबणाचा राहिलेला थर होता. विषय संपला. पुढच्या वेळी स्पंजनंतर दोनदा पुसायचं, एवढंच.

चट्टा राहिला तर त्यावर थेंबभर पाणी बोटाने पसरा. पाण्याखाली चट्टा नाहीसा होतो आणि वाळताच परत येतो, तर ते बारीक ओरखडे आहेत. यामागचं कारण कळलं की घासायचा मोह आपोआप कमी होतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो, म्हणून तो चमकतो. खरवडलेल्या पृष्ठभागावर तो सगळीकडे विखुरतो, म्हणून तो पांढरट दिसतो. ओरखड्यांत पाणी भरलं की हे विखुरणं बरंच कमी होतं, कारण पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १.३३ आहे आणि अ‍ॅक्रिलिकसारख्या प्लास्टिकचा सुमारे १.४९. हवेचा जवळजवळ १. म्हणजे हवा आणि प्लास्टिकपेक्षा पाणी आणि प्लास्टिक एकमेकांना कितीतरी जवळचे. ओलं असताना दिसणारी सफाई हा म्हणूनच नुसता भास असतो. ओरखडे तिथेच असतात, पाण्याने झाकलेले.

तिसरी शक्यता: पाणी लावूनही फरक पडत नाही आणि जागा पिवळट आहे. जुनं प्लास्टिक उन्हाने आणि उष्णतेने स्वतःच पिवळं पडतं. तो रंग वर बसलेला नसतो, प्लास्टिकचाच झालेला असतो. घासून तो निघत नाही.

हातातली घासणी कोणती आहे?

आपण सगळ्यांनाच स्पंज म्हणतो, आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पांढरा, हलका, कोरडा असताना जरा कुरकुरीत लागणारा तो मेलामाइन स्पंज. २००३ मध्ये 'मिस्टर क्लीन मॅजिक इरेजर' या नावाने तो अमेरिकेत विकायला आला आणि मग 'जादूचा स्पंज' म्हणून जगभर पसरला. पण हा फेस त्याआधीपासून आवाज शोषण्यासाठी आणि उष्णता अडवण्यासाठी वापरात होता. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते. एक घनमीटरचा ठोकळा केला तर वजन जेमतेम ९ किलोच्या आसपास भरेल. उरलेला भाग म्हणजे मेलामाइन रेझिनच्या अतिशय बारीक, कडक काड्यांची जाळी. हाताला तो मऊ लागतो कारण जाळी दबते. काड्या मात्र मऊ नसतात. म्हणजे हा अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे, स्पंजच्या आकारात. त्याला साबण लागत नाही याचं कारण जादू नव्हे, तो डाग विरघळवतच नाही. तो डाग खरवडतो, आणि डागाखालचंही थोडं.

हिरवी घासणी म्हणजे नायलॉनसारख्या धाग्यांचं गुंतवळ आणि त्यावर चिकटवलेले कठीण कण. हे कण बरेचदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. मोह्सच्या कठिणता मोजपट्टीवर (मोठ्या आकड्याचं छोट्यावर ओरखडे पाडतं) हिरा १०, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ९, साधी काच साडेपाचच्या आसपास आणि अ‍ॅक्रिलिक ३. एवढे आकडे एकदा वाचले की हिरवी घासणी घेऊन काचेपाशी किंवा मापाच्या पारदर्शक पट्टीपाशी जायची हिंमत होत नाही.

'ओरखडे पडत नाहीत' असं लिहिलेल्या निळ्या किंवा पांढऱ्या घासण्या त्यातल्या त्यात सौम्य. तरीही नाजूक जागी आधी कोपऱ्यात करून पाहाच. आणि तारेची घासणी शिलाईच्या खोलीत आणूच नका. तिचे तुटलेले तंतू कापडात शिरतात आणि गंजून डाग पाडतात.

मळ लवकर का परततो?

गुळगुळीत पृष्ठभागावर मळ वरवर बसतो, ओल्या फडक्याने निघतो. खरवडलेल्या पृष्ठभागावर तो ओरखड्यांत जाऊन बसतो, मग फडकं पुरत नाही, मग स्पंज लागतो, आणि स्पंज नवे ओरखडे पाडतो.

याचा सगळ्यात स्पष्ट नमुना म्हणजे पांढरा फळा, मार्करने लिहायचा. शाईची सावली राहते म्हणून कुणीतरी मेलामाइन स्पंज फिरवतं, फळा लख्ख होतो. पुढच्या वेळी शाई आणखी पक्की बसते. गंमत अशी की साध्या फळ्यांचा पृष्ठभाग पुष्कळदा मेलामाइन रेझिनचाच असतो. काट्याने काटा काढायला गेलो आणि पायच सोलून निघाला, असा प्रकार.

शिलाईच्या खोलीत

मशीनच्या बाहेरच्या प्लास्टिकला पहिला उपाय: मऊ कापड, पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. प्लग काढलेला हवा. कापड पिळलेलं हवं, पाणी मशीनवर थेट ओतायचं नाही. जीन्सचा निळा रंग याने निघाला नाही तर पेन्सिलचा मऊ पांढरा खोडरबर घ्या. तो स्वतः झिजतो आणि रंग सोबत घेऊन जातो. माझा पट्टा आता मी यानेच काढते. मेलामाइन स्पंज शेवटी, पेनाच्या रेघेसारख्या हट्टी खुणेवर, आणि तोही बोटाच्या पेराएवढा तुकडा, दाब न देता, दोन-तीन फेरे.

टाक्यांचे आकडे, चित्रं, बाण जिथे छापलेत तिथे तो नेऊच नका. छपाई म्हणजे शाईचाच पातळ थर. स्पंजला तो डाग आहे की माहिती आहे हे कळत नाही. माझ्या मशीनवरचा चार नंबरचा टाका असाच पुसला गेला आणि आता तीन आणि पाचच्या मधला म्हणून ओळखावा लागतो.

बॉबिन केसमध्ये, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमध्ये, सुईच्या आसपास कोणताही स्पंज घालायचा नाही. मेलामाइनचा भुगा तेलात मिसळला की त्याची घासणारी पेस्ट होते, आणि ती फिरत्या भागांत गेली तर काय होईल हे सांगायला नको. तिथे ब्रश. तोंडाने फुंकूही नये, धाग्यांचा भुसा आत सरकतो आणि श्वासाच्या वाफेने ओलही आत जाते.

सुईखालची धातूची पट्टी मात्र स्क्रू काढून वेगळी करता येते. तिच्यावर फ्यूजिंगचा (कापडाला इस्त्रीने चिकटवायच्या अस्तराचा) किंवा चिकटपट्टीचा गोंद बसला असेल तर ओल्या मेलामाइनने हलक्या हाताने काढा, लगेच कोरडी करा. हिरवी घासणी इथे वापरली तर पट्टीवर रेघा पडतात, आणि जॉर्जेट, शिफॉन किंवा रेशीम सरकताना तिथे अडकून धागा ओढला जातो. मग आपण सुई बदलतो, ताण बदलतो, धागा बदलतो, आणि खरं कारण पट्टीवर तसंच राहतं. कापड ओढलं जात असेल तर नायलॉनचा जुना मोजा पट्टीवरून फिरवून बघा. जिथे अडकेल तिथे खरवड किंवा सुईने पाडलेली कड आहे. टेफ्लॉनच्या फूटला (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागाला) घासणी अजिबात चालत नाही, त्याचा सरकपणा त्या गुळगुळीत पृष्ठभागातच असतो.

मापाच्या पारदर्शक पट्ट्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात आणि या स्पंजचा सगळ्यात जास्त फटका त्यांनाच बसतो. एकदा धुरकट झाल्या की खालच्या कापडाची रेघ दिसत नाही, कापणी चुकते. फक्त साबणपाणी आणि मऊ कापड. खडूची पूड आधी झटका किंवा पाण्याने धुवा, कोरडी पुसलीत तर तीच घासते. अल्कोहोल किंवा काच पुसायचे स्प्रेही नकोत, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात. पट्टीवरची छपाई बहुतेक एकाच बाजूला असते, नखाने चाचपलं की कळतं. त्या बाजूला तर कोरडं फडकंही जपून.

आता कटिंग मॅट. इथे मेलामाइन स्पंज खरोखर कामाचा आहे, आणि का ते पटण्यासारखं आहे: मॅट मुळातच खरबरीत आणि मंद असते, तिच्याकडे घालवायला चमकच नसते. ब्लेडने पडलेल्या बारीक चिरांमध्ये कापडाचे तंतू अडकत जातात. ठरावीक जागी रोटरी कटर (फिरत्या गोल ब्लेडचा) कापड सोडून पुढे जातो, आपण ब्लेडला दोष देतो, नवं ब्लेड लावतो, तरी तिथेच दोन धागे न कापलेले राहतात. नवं ब्लेड लावूनही तीच जागा अडत असेल तर दोष मॅटचा आहे. मॅट सपाट जागी ठेवा. स्पंज ओला करून दाबून पाणी काढा आणि गोल गोल, हलक्या हाताने फिरवा. तंतू गोळा होऊन वर येतात, ते पाहायला मला विचित्र समाधान वाटतं. मग कोमट पाण्याने, साबणाच्या एका थेंबाने पुसून सपाटच वाळवा. गरम पाणी नको, ऊन नको, भिंतीला टेकवून ठेवणं नको. या मॅटचं प्लास्टिक उष्णतेने वाकतं आणि वाकलेली मॅट पुन्हा सरळ होणं कठीण. छापलेल्या रेघा दर वेळी थोड्या फिक्या होतात, म्हणून कटर अडायला लागल्यावरच हे करायचं.

इस्त्रीची गोष्ट थोडी लांबते, कारण तिथे परत परत येणाऱ्या डागाची कारणं दोन असतात आणि आपण एकच धरून बसतो.

फ्यूजिंग लावताना गोंद तळाला चिकटतो आणि पुढच्या कपड्यावर तपकिरी ठसा उमटतो. तळ घासून चकचकीत केला तरी चार दिवसांनी परत ठसा. पहिलं कारण, वाफेच्या भोकांच्या कडांना गोंद राहिलेला असतो. तापल्यावर तो वितळून बाहेर येतो. दुसरं, हिरव्या घासणीने तळावर रेघा पडल्या असतील तर नवा गोंद त्यांत घट्ट बसतो.

तळ नॉनस्टिक लेपाचा असेल तर कोणतीही घासणी बाद. इस्त्री कोमट असताना, प्लग काढून, जाड सुती कापडावर पुन्हा पुन्हा फिरवा. गोंद मऊ होऊन कापडाला लागतो. साधा स्टीलचा तळ असेल तर हेच आधी करा, मग इस्त्री पूर्ण गार झाल्यावर ओल्या मेलामाइनने राहिलेली कड काढा. भोकांच्या कडांना कानातल्या काडीने पुसा. नंतर पाणी भरून जुन्या फडक्यावर चांगली वाफ सोडा, म्हणजे आत गेलेला भुगा चांगल्या कपड्यावर येणार नाही.

गरम तळावर स्पंज लावायचा मोह होतो. मेलामाइन वितळत नाही, पण हिरव्या घासणीचा नायलॉन आणि तिच्यामागचा पिवळा फेस तापलेल्या तळावर टिकत नाहीत. कपड्यांवरच्या इस्त्रीच्या खुणेत तीन ठिपके म्हणजे सगळ्यात जास्त उष्णता, दोन म्हणजे मध्यम, एक म्हणजे कमी. तीन ठिपक्यांच्या उष्णतेला घासणी चिकटली तर एका डागाचे दोन होतील. शिवाय बोटं भाजतील ती वेगळीच.

आणि मूळ उपाय इस्त्रीच्या खाली आहे: फ्यूजिंगचा तुकडा कापडापेक्षा किंचित लहान कापा, चकाकणारी किंवा दाणेदार बाजू कापडाकडेच आहे ना ते दोनदा बघा, आणि मध्ये पातळ सुती कापड ठेवा. हे सुरू केल्यापासून मला तळ घासावा लागलेला नाही.

कात्रीच्या पात्यांवर चिकटपट्टीचा गोंद बसला की कापड चावल्यासारखं कापलं जातं, धार गेल्यासारखं वाटतं. धार लावायला देण्याआधी पाती उघडून बघा. ओल्या मेलामाइनचा तुकडा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने. धारेवरून उलटा आणलात तर स्पंज कापला जाईल आणि बोटही. लगेच पुसा, सांध्यात तेलाचा थेंब.

सुया आणि टाचण्यांसाठी स्पंजची गरज नाही. जुन्या टोमॅटोच्या आकाराच्या टाचणी-उशीला एक छोटी स्ट्रॉबेरी लोंबकळत असते, ती शोभेची नव्हे. तिच्यात एमरीची, म्हणजे घासणाऱ्या कठीण दगडाची, पूड भरलेली असते, सुई टोचून साफ आणि तीक्ष्ण करायला. गंजलेली टाचणी मात्र साफ करत बसू नका, टाकून द्या.

कापडावरच्या डागावर मेलामाइन स्पंज कधीच नको. तो धागे तोडतो, गडद कापडावर पांढुरका पट्टा राहतो आणि तो धुऊन जात नाही. लोकरीवर आलेले गोळे काढायला मात्र कोरी, कोरडी घासणी चालते: कापड सपाट ताणून, एकाच दिशेने, अगदी वरवर. इथेही तेच चक्र आहे. जोरात घासलंत तर आतले तंतू बाहेर ओढले जातात आणि आठवड्याभरात नवे गोळे तयार.

पायाखालचं पेडल सरकत असेल तर दोन थरांच्या घासणीचे तुकडे त्याखाली ठेवा: फेसाची बाजू फरशीकडे, खरबरीत बाजू पेडलकडे. उलट ठेवलंत तर फरशीवर रेघा.

बाकी घरात, थोडक्यात

चकाकी असलेली सिरॅमिक टाइल, काचेचा चकचकीत वाडगा, बुटांच्या तळाची पांढरी रबरी कड: मेलामाइन चालतो. अ‍ॅक्रिलिकचा टब, नॉनस्टिक भांडी, चष्मा, फोन आणि टीव्हीचा पडदा, पॉलिश केलेलं लाकूड, गाडीचा रंग: नाही. स्विचच्या पट्टीवर वापरायचाच तर वीज बंद करून आणि स्पंज अगदी पिळून.

भिंत फसवी असते. चमकदार रंगाची भिंत घासली की मंद होते, आणि मंद रंगाची भिंत घासली की चमकते. मंद रंगात बारीक कण वर आलेले असतात, त्यांनीच चमक मोडलेली असते. घासून ते सपाट झाले की तिरप्या उजेडात तेलकट वाटावा असा चट्टा दिसतो. मुलांनी काढलेल्या रंगीत रेघा पुसताना म्हणून आधी साधं ओलं फडकं, मग कपाटामागच्या कोपऱ्यात चाचणी, मगच समोर.

नळावरचा पांढरा थर हा क्षारांचा असतो. त्याला खरवडण्यापेक्षा विरघळवणं बरं: पातळ व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचं फडकं काही मिनिटं गुंडाळून ठेवा. संगमरवरावर आम्ल नको, तो दगडच खाल्ला जातो. आणि आम्लासोबत ब्लीच कधीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

हाताला लागलेली शाई या स्पंजने काढू नका. त्वचा सोलते, आगीने भाजल्यासारखी चुरचुरते. लहान मुलांच्या हाती तर तो देऊच नये.

झालेला चट्टा काढता येतो का?

कधीकधी. साध्या, न छापलेल्या, चमकदार प्लास्टिकवर प्लास्टिकचं पॉलिश मऊ कापडाने लावलं तर ओरखडे आणखी बारीक होऊन चमक बरीच परतते. पट्टीच्या छपाई नसलेल्या बाजूलाही हे जमतं. माझ्या मशीनवरचा पांढरट चट्टा असाच सत्तर टक्के गेला, उरलेला मी सोडून दिला. मंद रंगाच्या भिंतीवर चमकलेला चट्टा दुरुस्त होत नाही, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी लागते. नुसता ठिपका रंगवला तर तो ठिपकाच दिसतो. नॉनस्टिक लेप, चष्म्याचा लेप, पडद्यावरचा लेप गेला तो गेला.

स्पंज दोन वापरांत फाटतो, ही तक्रार

त्याला पिळताना पीळ देऊ नका, तळहातांत दाबा. पूर्ण स्पंज वापरू नका, साध्या कात्रीने (शिलाईच्या नव्हे) छोटे चौकोन कापा आणि एका वेळी एकच भिजवा. खडबडीत जागी, टोकदार कडेवर तो खोडरबरासारखा झिजणारच, तोच त्याच्या कामाचा भाग आहे. झिजलेला भाग नाहीसा होत नाही, बारीक प्लास्टिकचे तंतू होऊन पाण्यासोबत जातो. म्हणून मी घासल्यावर जागा धूत नाही, ओल्या कागदाने भुगा टिपून कचऱ्यात टाकते.

एवढं करूनही दर चार दिवसांनी एकाच जागी स्पंज लागत असेल, तर डाग कुठून येतोय ते शोधा. माझ्या बाबतीत ते न धुतलेलं नवं जीन्सचं कापड होतं. आता शिवायच्या आधी दोनदा धुते, आणि सुईच्या डावीकडे कापडाचा एक जुना तुकडा चिकटपट्टीने लावून ठेवते. निळा होतो तो तुकडा.